मोटारीची चूल

निर्ण्याच्या उद्धवरावांनी मोटार घेतली ती हौसेपोटी नव्हे, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलं पाहिजे. त्यांची धाकटी बहीण शकुबाई आळंदकडच्या निंबर्ग्याला दिलेली. लग्नाला सात वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस राहिले. सातवा लागला की लेकीला माहेरी आणायची, ही रीत निजामाच्या राज्याहून जुनी. पण निंबर्गा ते निर्णा म्हणजे बैलगाडीनं तीन मुक्काम, काळ्या रानातली चाकोरी, आणि वाटेतल्या एकेका खड्ड्याला गावकऱ्यांनी मायेनं ठेवलेलं नाव. गावची सुईण कोंडाबाई हिनं निकाल दिला, "गाडीचे हिसके बसले तर पोर वाटंतच बाहीर यील. मऊ गादीवर आना, न्हाईतर आनूच नका."

मऊ गादीवर चालणारं वाहन त्या मुलखात एकच होतं. गुलबर्ग्याच्या एका वकिलानं विकायला काढलेली काळी, कापडी टपाची मोटार उद्धवरावांनी गुळाच्या व्यापारातल्या कमाईतून घेतली. पिराजी नावाच्या धनगराच्या पोरानं मेंढरं सोडून सडकेच्या ठेकेदाराकडं दहा वर्षं मोटारलॉरी हाकली होती. त्यालाच चालक म्हणून ठेवलं. त्यानं मोटार वेशीतून आत आणताना भोंगा वाजवला तेव्हा पारावर झोपलेली कुत्री हुमनाबादच्या वाटेला लागली.

उद्धवरावांची आई सोजराबाई साठीला टेकलेली, पण कमरेत अजून ताठ होती. तिनं मोटारीला हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मग मागच्या गादीवर बसून दोनदा वरखाली उसळून पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "हितं माजी लेक बसंल. पिराजी, उद्या कोंबडा आरवायला निघायचं बघ."

"उद्या कसं निघायचं, माय?" उद्धवराव म्हणाले. "आजून बीमा न्हाई."

"त्यो कोन? त्याला बी संगं घ्या. गाडीत जागा हाय."

उद्धवरावांनी समजावून सांगितलं. बीमा म्हणजे मोटारीला काही झालं तर भरपाई देणारी कंपनी. बीदरच्या वकिलांच्या बैठकीत हल्ली पाणी विचारण्याआधी "बीमा कुणाचा?" असं विचारतात. बिनबीम्याची मोटार म्हणजे पोळ्याला गोंडे न बांधलेला बैल. चालतो, पण मालकाला मान वर करता येत नाही.

"किती दिस लागतेल?"

"दिस कशाला, माय? एका दुपारचं काम."

त्या रात्री जात्यावर सोजराबाईनं नवी ओवी घातली:

माझ्या गं लेकाची, मोटार काळी काळी
लेकीला आणाया, निघंल उद्या सकाळी

ही ओवी पुढं बऱ्याच सकाळी म्हणावी लागणार होती, हे तिला माहीत नव्हतं. 

महफूज दख्खन मोटार बीमा कंपनीचे एजंट मडिवाळप्पा दुसऱ्या दिवशी सायकलीवरून आले. गळाबंद कोट, कपाळाला विभूती, बगलेत चामडी पिशवी. माणूस गोड. तो कन्नडात विचार करी, उर्दूत कलमं सांगी आणि मराठीत नाइलाज व्यक्त करी.

"राव, तुमच्या चुलीवर माणसं किती जेवतात?"

"मोटारीचा बीमा हाय का जेवणावळीचा?" सोजराबाईनं दाराआडून विचारलं.

"काय करणार अव्वा, कलम आहे. एका चुलीवर जेवणारं प्रत्येक जाणतं माणूस हे त्या मोटारीचं संभाव्य चालक समजण्यात येईल. घरातली वस्तू घरातलं कुणीही उचलतं. आज विळी उचलतं, उद्या मोटार."

"नऊवारी नेसून मोटार कोन हाकतंय, बाबा?"

"कंपनीला लुगडं दिसत नाही, अव्वा. कंपनीला चूल दिसते."

मोजणी झाली. उद्धवराव, त्यांची बायको जगदेवी, मधले अंकुशराव, त्यांची राजूबाई, बाकीचे भाऊ-भावजया, पुतणे, सुना, दिसत नसल्यानं भिंत धरून चालणाऱ्या आत्या. आत्यांच्या नावापुढं मडिवाळप्पांनी बारीक अक्षरात 'नजर अधू, जादा जोखीम' असं लिहिलं आणि त्यांच्यापुरता हप्ता वाढवला. आत्या म्हणाल्या, "जाऊ दे रे, मी हळू हाकीन." पण कंपनीचं मन द्रवलं नाही. शेवटी हप्त्याचा आकडा मोटारीच्या किमतीशेजारी मांडला तेव्हा मोटार फारच स्वस्त वाटू लागली.

उद्धवरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "नावं कमी करता येत न्हाईत का?"

"येतात की. कंपनी जुलमी नाही. चूल वेगळी दाखवा, नाव खारिज."

रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणतात, तसा 'वेगळी चूल' हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. सोजराबाईनं नवरा गेल्यावर चारी पोरं एका पंगतीला बसवून ठेवली होती. तिच्या आयुष्याची मिळकत म्हणाल तर तेवढीच. तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं शकू आली, पोटावर हात ठेवून निंबर्ग्याच्या उंबऱ्यात उभी असलेली.

"कागदापुरतीच ना रे चूल?" तिनं विचारलं.

"कागदापुरतीच, अव्वा. फक्त तपासनीस साहेब धूर बघायला येतील."

हे ऐकून मधली सून राजूबाई हिनं असा हंबरडा फोडला की शेजारची चन्नव्वा पिठाचे हात घेऊन धावत आली. "सासूबाईंच्या चुलीपासनं मला तोडायलात हो!" म्हणत राजूबाई खांबाला धरून रडली. त्याच संध्याकाळी तिच्या बाजेखालून तवा, उलथनं, परात, दोन पातेली आणि न वापरलेली फुंकणी निघाली. लग्नापासून ही सामग्री तिथं सज्ज होती, हे सोजराबाईच्या लक्षात आलं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, एवढंच.

अंगणात चुली मांडल्या गेल्या. तपासनीस साहेब मात्र बीदरहून यायला महिना लागला, कारण त्यांच्या स्वतःच्या टांग्याचा बीमा संपला होता. आले ते रुमाल नाकाला लावून सगळ्या चुलींपुढून फिरले.

"धूर आठ आहेत," ते म्हणाले, "पण वास एकच आहे."

खरंच होतं. आठही चुलींवर तुरीचंच वरण शिजत होतं. साहेबांना संशय आला की एका चुलीचं वरण आठ ठिकाणी मांडून कंपनीची फसवणूक चालली आहे. त्यांनी शेरा मारला: कुटुंब विभक्त असल्यास कालवण विभक्त असावं. त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून कुणी वांगं, कुणी आमटी, कुणी पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी अशी आठ कालवणं सुरू झाली. उद्धवरावांना वांगं आवडायचं. ते अंकुशरावांच्या चुलीवर होतं. ते भिंतीपलीकडून वास घेत आपली आंबट पुंडी गिळायचे. पुतणे हुशार निघाले. ते धूर बघून आई-बाप ठरवू लागले.

अंगणात आठी चुल्या, आठी धुराच्या गं वेली
एका मोटारीपायी, माझी पंगत पांगली

जात्याचा आवाज ऐकून जगदेवी उठून आली. "आत्याबाई, सातवा सरला की हो शकूवन्संना," ती सासूला हळूच म्हणाली.

"ठावं हाय मला. त्या मडिवाळप्पाला ठावं न्हाई."

चुलींचा प्रश्न सुटला तेव्हा चालकाचा उभा राहिला. मडिवाळप्पांनी पिराजीला समोर बसवलं.

"आजवर अपघात?"

पिराजी खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि बीम्याच्या कामात हा फार मोठा दोष असतो. "एक झालाय जी. शेळी आडवी आली."

"मेली?"

"न्हाई जी. मालकाला भरपाई मिळाल्यावर मेली."

मडिवाळप्पांनी खेदानं मान हलवली आणि लिहिलं: अपघाती चालक, पशुहानी. "हा मोटारीवर बसला तर रुपयाला सहा आणे जादा, राव."

"मग मी शिकतो हाकायला," उद्धवराव म्हणाले.

"नवशिक्याला आठ आणे जादा. शिवाय तुम्ही सायकलीवरून विहिरीत पडला होता, असं गाव सांगतं."

"विहीर कोरडी होती!"

"म्हणून तर लागलं. कंपनी असं बघते, राव: किती वर्षं अपघाताविना गेली? जितकी वर्षं, तितकी सूट. तुमच्या घरात सगळ्यांत जास्त वर्षं कुणी एकही अपघात केला नाही?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. दाराआड सोजराबाई तांदूळ निवडत होती.

"मला कामून बघायलाव रे?"

"अव्वा," मडिवाळप्पा उठून उभेच राहिले, "साठ वर्षांत तुमच्या हातून मोटारीचा एकही अपघात?"

"मी मोटारीच्या चाकाला हात लावला न्हाई कदी!"

"म्हणूनच! म्हणूनच!" त्यांनी हात जोडले. "साठ वर्षं! अव्वा, हैदराबादेत नवाबांच्या शोफरांचंसुद्धा इतकं निष्कलंक आयुष्य नाही."

"पन मला चालवता येत न्हाई, मडिवाळप्पा."

"चालवता येणारे लोकच अपघात करतात. कंपनीचा हा अनुभव आहे."

"आनि परवाना?" उद्धवरावांनी शंका काढली.

"ते वेगळं दफ्तर. आमचं आणि त्यांचं बोलणं नाही."

अशा रीतीनं उद्धवरावांनी स्वतःचीही चूल वेगळी केली, पिराजीनं चिंचेखाली तीन दगड मांडले, आणि मोटारीच्या चुलीवर एकटी सोजराबाई उरली. कागदावर शिक्का बसला. नामजद चालक: सोजराबाई. इतर कुणी चाकाला हात लावल्यास बीमा रद्द. सूट: सर्वोच्च, रुपयाला आठ आणे.

सूट ही गोष्ट गुळासारखी असते. एकदा बोटाला लागली की माणूस दुसरं बोट बुडवतो. मोटार रात्री गोठ्यात बांधल्यास आणखी एक आणा, असं मडिवाळप्पांनी सांगितलं. बांधली. दिवसाही गोठ्यातच ठेवल्यास आणखी एक. ठेवली. पेट्रोल काढून घेतल्यास आगीचा धोका टळतो, म्हणून एक. काढलं, ते कंदिलात भरायला गेल्यानं पिराजीच्या मिशा जळाल्या, पण त्या बीम्यात येत नव्हत्या. शेवटी इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल कंपनीच्या बीदरच्या कचेरीत जमा केल्यास चोरीची भीती उरत नाही, म्हणून आणखी दोन आणे. उद्धवराव स्वतः हँडल पोचवून आले, आणि येताना पेढे घेऊन आले.

गावात त्यांचा मान वाढला. लांबलांबचे मोटारवाले सूट बघायला यायचे. मोटार बघायची इच्छा कुणाची नसायची. दिसली असती तर सूट कमी झाली असती. पारावरची म्हातारी माणसं नातवांना सांगू लागली, "उद्दवरावासारखं व्हा. मोटार हाय, पन एक दिवस चुकून काडली न्हाई."

सोजराबाईला हा मान पचेना. रोज सकाळी ती एकटीच्या चुलीवर एक भाकरी थापायची. एका माणसाचं पीठ मळायला तिचे हात शिकलेच नव्हते. भाकरी दरवेळी चौघांची व्हायची. उरलेली ती गोठ्यात घेऊन जायची, मोटारीशेजारी बांधलेल्या ढवळ्या-पवळ्या बैलांना चारायची आणि गादीवरची धूळ पदरानं पुसायची.

"उद्दव, आठवा बी सरायलाय."

"माय, आता हात लावला तर सगळी सूट जातीय. दसऱ्यानंतर नवा कागद हुईल, तवा बघू."

"तिचं पोट दसऱ्याला थांबतंय व्हय रे?"

उद्धवराव वाईट मुलगा नव्हता. त्याचा बहिणीवर जीव होता. फक्त त्या जिवाला सूट नव्हती.

नववा लागला आणि निंबर्ग्याहून नागप्पा आला. शकुबाईच्या सासरचा जुना माणूस, धुळीनं पांढरा झालेला. त्यानं पाण्याचा तांब्या संपवायच्या आत विचारलं, "येतावं का न्हाई, ते एकदा सांगा. शकुवैनी रोज सडकंवर येऊन बसायल्यात. भोंगा ऐकू आला म्हनत्यात. तिकडं भोंगा न्हाईच, तर ऐकू कसा यील?"

सोजराबाई उठली. पदर खोचला. कोंडाबाईला हाक मारली, गोधडी घेतली, डिंकाचा डबा घेतला.

"नामजद चालक कोन हाय रे, उद्दव?"

"तू, माय. पन..."

"मग मी निगाले."

मडिवाळप्पा त्या दिवशी योगायोगानं नव्या सुटीची बातमी घेऊन आले होते. ते सायकल टाकून पळत आले. "अव्वा! तुम्हाला चालवता येतं?"

"न चालवता साठ वर्षं चालवली, असं तूच लिव्हलास न्हवं? एकसष्टावं बी तसंच चालवीन."

"पण पेट्रोल नाही! हँडल बीदरला! पिराजीनं हात लावला तर बीमा रद्द!"

सोजराबाईनं गोठ्यात बघितलं. मोटारीच्या दोहो अंगांना, रोज तिच्या हातची भाकरी खाऊन मस्त झालेले ढवळ्या-पवळ्या रवंथ करत उभे होते.

"पिराजी," ती म्हणाली, "जू आन."

मडिवाळप्पांनी पिशवीतून कलमांचं पुस्तक काढलं. उद्धवरावांनी पागोटं हातात घेऊन विचारलं,

"सांगा मडिवाळप्पा, बैल चालक धरायचे का? त्यांची चूल आमच्या गोठ्यातच हाय, भाकरी बी मायच्या हातची खात्यात!"

मडिवाळप्पांनी कन्नडात विचार केला, उर्दूत पानं उलटली आणि मराठीत सुटकेचा निःश्वास टाकला. "बैल चालक नाहीत, राव. बैल इंधन आहेत."

"आणि पिराजी?"

"तो इंधनाच्या पुढं चालू शकतो. मोटारीला हात लावायचा नाही. इंजिन बंद, चालक नामजद, इंधन शेतावरचं. सूट कायम!"

गावानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हलगी आणली. उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुटीसाठी होतं की बहिणीसाठी, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

मोटार निघाली. पुढं पिराजी मेंढरांना घालायचा तसली शीळ घालत, मागं ढवळ्या-पवळ्या, त्यांच्या मागं काळी चकचकीत मोटार, आणि चाकावर दोन्ही हात ठेवून डोईवर पदर घेतलेली सोजराबाई. पहिल्या वळणाला मोटार बाभळीत गेली. दुसऱ्या वळणाला जेमतेम वाचली. तिसऱ्यापासून बाईला कळलं की चाक आणि जातं ही दोन्ही गोलच आहेत. जोर करून फिरत नाहीत, लय धरली की फिरतात. मागच्या गादीवर कोंडाबाई पान लावत बसली होती. तिनं एकदाच अभिप्राय दिला, "हिसके न्हाईत बगा. रबराची चाकं आनि बैलाची चाल. अशी गाडी म्या बगितली न्हाई."

हुमनाबादच्या बाजारातून जाताना सडकेवरच्या पोलिसानं सलाम ठोकला. इतक्या सावकाश जाणारी मोटार त्यानं कधी पाहिली नव्हती. आत नक्की कुणी मोठा अंमलदार असणार, असं त्याला वाटलं. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आली होती. वारा सुटला की सगळं रान एका अंगावर वळायचं, गर्भार बाई कूस बदलते तसं. सोजराबाईचा गळा आपोआप मोकळा झाला.

इंजिन माझं झोपलं, बैलांनी वाट धरली
लेकीच्या ओढीपायी, माय शोफर झाली

"शोफर कुठं शिकलाव, बाई?" पिराजीनं मागं न बघता विचारलं.

"मडिवाळप्पाकडनं. तेवढंच त्येनं फुकट दिलं."

दोन मुक्काम झाले. कमलापूरच्या अलीकडं, केळीच्या मळ्यापाशी, समोरून एक साधी बैलगाडी आली. तट्ट्या लावलेली, तळाला कडबा आणि वर गोधड्या टाकलेली. गाडीच्या पुढं शकुबाईची सासू नागम्मा पायी चालत होती.

गाडीतून हाक आली, "माय!"

सोजराबाईनं चाक सोडलं. बैल थांबले, कारण पिराजी थांबला. मोटार थांबली, कारण बैल थांबले. ती उतरून पळाली. शकुबाई घामानं भिजली होती, पण हसत होती.

"वाट बगून बगून निगालो, इहिनबाई," नागम्मा म्हणाली. "नागप्पाच्या मागोमागच. कडबा जाड घातला, बैल हळू चालवले. काय सुदिक झालं न्हाई बगा पोरीला."

सोजराबाई कोंडाबाईकडं बघत राहिली. कोंडाबाई पान थुंकायला बाजूला गेली.

"मग सातव्यातच कामून न्हाई आनलं हिला, बैलगाडीनं?" सोजराबाई म्हणाली. हा प्रश्न तिनं कुणाला विचारला, हे कुणालाच कळलं नाही.

उत्तराला वेळही नव्हता. शकुबाईनं आईचा हात घट्ट धरला आणि ओठ आवळले. कोंडाबाई पान विसरली. "गादीवर घ्या हिला! चला, चला! पिराजी, पाठ फिरव!"

मोटारीचा टप ओढून घेतला, भोवती लुगडी बांधली. नागम्मानं मळ्यात चूल पेटवून पाणी ठेवलं. पिराजी बैलांच्या गळ्यात हात घालून, मळ्याकडं तोंड करून उभा राहिला आणि मेंढीला धीर देतात तसं हळूहळू बैलांशीच बोलत राहिला. सोजराबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. साठ वर्षांत तिला इतकं नामजद कधी वाटलं नव्हतं. दिवस कलला. केळीच्या पानांतून ऊन झिरपून येऊ लागलं, आणि त्या उन्हात, कधीही सुरू न झालेल्या त्या मोटारीतून, पहिल्यांदाच आवाज आला. भोंग्यापेक्षा बारीक, पण भोंग्यापेक्षा लांब जाणारा.

पिराजीनं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. ढवळ्यानं कान टवकारले.

बाळ-बाळंतीण सुखरूप होती. रात्र मळ्यात काढून, नागम्माच्या बैलगाडीला मागं घेऊन, मोटार मजल दरमजल निर्ण्याला परतली.

वेशीवर सगळं गाव जमलं होतं. सोजराबाईनं वाटेतच गुळाचा एक मोठा खडा पदरातून काढून मुठीत धरला होता. रीत होती. बाळंतीण घरी येते तेव्हा जो पहिल्यांदा विचारतो, "काय झालं?", त्याच्या तोंडात गूळ घालायचा. तिनं मनाशी ठरवलंही होतं की तो उद्दव असणार.

उद्धवराव धावत पुढं आले. त्यांनी मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"माय, कुठं घासली तर न्हाई ना?"

मागून मडिवाळप्पा आले. त्यांनी चष्मा लावून मडगार्ड पाहिलं, टप पाहिला, चाकं पाहिली. बाभळीचा एक ओरखडा होता. तो त्यांनी थुंकी लावून पुसला, कारण माणूस गोड. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. मग लुगड्याआडून रडणं ऐकू आलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"राव, एक अडचण आहे. जन्म मोटारीत झाला. म्हणजे हे माणूस मोटारीच्या चुलीचं. नवं नाव घालावं लागेल. आणि अपघाताविना गेलेली वर्षं... शून्य."

गावाच्या तोंडून 'अरेरे' निघालं. उद्धवराव मटकन खाली बसले.

सोजराबाईनं चाकावरचा हात काढला नाही. "मडिवाळप्पा," ती म्हणाली, "तुजं कलम चुलीवर जेवनाऱ्याला लागतंय न्हवं?"

"होय अव्वा."

"आईच्या दुदाला चूल लागत न्हाई."

मडिवाळप्पांनी पुस्तक उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "सूट कायम!"

एकच जल्लोष झाला. हलगी घुमली. अंकुशरावांनी उद्धवरावांना मिठी मारली; वेगवेगळ्या चुलींचे असूनही दोघे रडले. राजूबाईनं आपल्या चुलीवरून सगळ्यांना साखर वाटली. माणसं एकमेकांना सांगत घरी गेली, "रुपयाला तेरा आणे ऱ्हायले बग, तेरा आणे!"

सोजराबाई चालकाच्या जागेवर बसूनच होती. मूठ मिटलेली. एकेक जण जवळून जात होता. कुणी चाक बघत होता, कुणी ओरखड्याची जागा. ऊन वाढलं तसा गूळ पाघळून बोटांच्या फटीतून मनगटावर आला. तिनं तो पुसला नाही. अजून कुणीतरी विचारील, असं तिला वाटत होतं.

तुम्हीही ही गोष्ट इथवर ऐकलीत. शकूला मुलगा झाला की मुलगी, ते मी आनंदानं सांगितलं असतं. पण कमलापूरच्या मळ्यापासून निर्ण्याच्या वेशीपर्यंत तुमचाही जीव सुटीतच अडकला होता. तुम्ही तरी कुठं विचारलंत?